अवेस्ता आणि वेदांवरचा शोधनिबंध मराठीतच पाठवावा, असं माझं मत आहे. तुमचं?

खारपाणपट्टा (धागा यांचा)

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. संस्कृतात एम.ए. केलं, जवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गेली दोन वर्षं वैदिक संस्कृत आणि प्राचीन इराणची अवेस्ता या दोन भाषांमधल्या 'स' आणि 'ह' यांच्या नात्यावर एक निबंध लिहीत होते. तो आता लिहून झाला आहे आणि तो कोणत्या भाषेत, कुठे पाठवायचा यावर भेटेल तो वेगळं सांगतो.

विषय घरातच सापडला. गावात भागवत सप्ताह बसला होता, देवळाचा भोंगा पहाटेपासून सुरू. बाबा ओसरीवर ट्रॅक्टरच्या कर्जाची कागदं चाळत बसले होते. आई आतून म्हणाली, "आधी सप्ताहाची वर्गणी द्या, हप्ता मंग भरा." मी चहा गाळत होते, हात तिथेच थांबला. सप्ताह आणि हप्ता! संस्कृतातला 'सप्त' अवेस्तेत 'हप्त' होतो. ऋग्वेदातले सप्तसिंधू तिकडे 'हप्त हेंदु' आहेत, सोम 'हओम' आहे, असुर 'अहुर' आहे. एकाच शब्दाची दोन रूपं आमच्या घरात एकाच वाक्यात नांदत होती. एक पोथीतून आलं, दुसरं बँकेतून.

आता सल्ले. एक वरिष्ठ म्हणाले, इंग्रजी करून घ्या, दोनेक हजार भरा, आठवड्यात छापून येतं. दुसरे म्हणाले, परदेशी नियतकालिकाकडे पाठवा, नाहीतर लिहूच नका. मला दोन्ही पटत नाही. मराठी शोधनियतकालिकाला मराठीतच पाठवावा असं वाटतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. त्या भाषेत वेद आणि अवेस्ता यांची तुलना लिहिता येत नसेल तर तो दर्जा कशासाठी? आणि हा विषय मुळात इंग्रजीचा नाही. दोन्ही भाषा आपल्या घरच्या आहेत, आपल्या बोलण्यात आहेत. हप्ता म्हणजे काय हे इंग्रजी वाचकाला सांगायला मला आधी एक पान खर्चावं लागेल.

जुना_मास्तर

ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे.

शोधनिबंध म्हणजे लेख नव्हे. ज्याला तो खोडून काढता येईल अशा माणसासमोर ठेवायचा असतो. गाथा, म्हणजे अवेस्तेतली सर्वांत जुनी स्तोत्रं, मुळातून वाचणारी माणसं जगातच थोडी आहेत. त्यांतली किती मराठी वाचतात? गाथा सतराच, त्यांच्या एकेका ओळीवर दीडशे वर्षं वाद चालू आहे, आणि तो वाद जर्मन, इंग्रजी, फ्रेंचमध्ये चालला. गेल्डनरची अवेस्तेची संहिता 1886 पासून निघू लागली, बार्थोलोमेचा जुन्या इराणी भाषांचा कोश 1904 चा, तोही जर्मन. त्या वादात शिरायचं तर तिथल्या भाषेत बोलावं लागतं. मराठीत छापलं की कौतुक होईल, सत्कार होईल, हरकत कोणी घेणार नाही. हरकत न घेतलेला निबंध कच्चा राहतो.

नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी यांचंच पहा. वाकाटक या विदर्भाच्या प्राचीन राजघराण्याच्या कोरीव लेखांचा त्यांचा खंड 1963 ला इंग्रजीत आला, म्हणून आज जगात वाकाटकांवर कोणीही लिहिलं तरी आधी तो उघडतो.

खारपाणपट्टा

सर, मिराशींचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' हे त्यांचं मराठी पुस्तक 1957 चं. इंग्रजी खंडाच्या सहा वर्षं आधीचं. ते मराठीत लिहून कच्चे राहिले नाहीत.

पीएचडी_चालू

पैसे भरून छापणाऱ्यांबद्दल माझा अनुभव सांगतो, कुणाचं नाव घेत नाही.

काही वर्षांपूर्वी घाईत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2016 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला लागायचा. एका मासिकाला अठराशे रुपये ऑनलाइन भरले आणि चौथ्या दिवशी निबंध छापून आला. एक शंका नाही, एक दुरुस्ती नाही. तालुक्याच्या डीटीपीवाल्याने मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवला होता, त्यात अवेस्तेच्या लिप्यंतराची सगळी खास अक्षरं गेली आणि जागोजागी चौकोन आले. त्याहून वाईट म्हणजे 'अहुर' हा शब्द कुणीतरी चूक समजून सगळीकडे 'असुर' करून टाकला. माझा पूर्ण मुद्दा त्या एका अक्षरावर उभा होता. मुलाखतीत परीक्षक बाईंनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, तुम्ही हे वाचलं होतं का? मला मान वर करता आली नाही.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये ती सक्ती काढून टाकली. यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही फेब्रुवारी 2025 ला बंद झाली, आता कोणतं नियतकालिक चांगलं ते विद्यापीठांनी ठरवायचं. म्हणजे फसवणाऱ्यांना मोकळं रान आहे. ताई, मराठी की इंग्रजी ते नंतर बघा. जो चार दिवसांत हो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका एवढं आधी ठरवा.

वाशीमकडचा

मला मूळ विषयच पटत नाही. आपल्या पायाखाली काय आहे ते बघा की! वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथला, वंशावळ संस्कृतात आणि पुढचा दानाचा मजकूर प्राकृतात. एका राजाच्या एकाच ताम्रपटात दोन भाषा कशा आल्या, कुठे बदलल्या, का बदलल्या, यावर आपल्या मुलांनी लिहायला हवं. त्यासाठी मुंबईची वारी नको, जर्मन कोश नको. चम्मकचा ताम्रपट तर ताईंच्याच जिल्ह्यातला. आपली शेती पडीत ठेवून दुसऱ्याच्या धुऱ्यावर कशाला जायचं? विदर्भातून इराणवर लिहिणं हे मला हौसेचं वाटतं.

वैनगंगाकाठ

धुरा कुठला आणि शेत कुठलं हे ठरवायच्या आधी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला या.

पवनीत एक छायास्तंभ सापडला, कुणाच्या तरी आठवणीसाठी उभारलेला. त्यावर ब्राह्मीत, प्राकृत भाषेत नाव आहे महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचं. आता 'क्षत्रप' हा शब्द बघा. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारियसने कोरवलेल्या लेखात, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस, त्याच्या प्रांताधिकाऱ्यांना हाच शब्द जुन्या पर्शियन रूपात लावला आहे. अर्थ, राज्य राखणारा. 'क्षत्र' आणि 'पा' हे दोन्ही भाग संस्कृत येणाऱ्याला लगेच कळतात. इराणच्या डोंगरातला शब्द वैनगंगेच्या काठी दगडावर येऊन थांबला. मी भंडाऱ्याचाच, लहानपणी पवनीच्या तटावर खेळलो, आणि हे मला चाळिशीत कळलं.

इराण दूर आहे असं आता म्हणवत नाही. वाशीमचा ताम्रपट वाचायलाच हवा, तो वाचणाऱ्यालाही कधी ना कधी हा इराणी बाजूचा कोश उघडावा लागेल.

कपाशी_तूर

ताई, मी बारावी शिकलो, मंग शेती. हप्ता अन् सप्ताह एकच हाय हे वाचलं अन् घरी सगळ्याईले सांगतलं. इंग्रजीत असतं तं मले काईच कळलं नसतं, हे खरं.

पण मी मास्तर सायबाच्या बाजूनं बोलून राहिलो. कपाशीचं वाण शेजाऱ्यानं बरं म्हटलं म्हणून बरं ठरत नाई. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात त्याची चाचणी होते, रोगात टिकते का, पान्याच्या ताणात टिकते का पाह्यतात, मंग शिफारस येते. तुमचं लिहिलेलं आमाले गोड लागलं म्हणून ते खरं हाय असं आमी कसं म्हनाव? आमाले तपासता येत नाई. ज्याले येते त्याच्याकडे पाठवा, मंग तो कोनत्याबी भाषेतला असो. तपासून आलं की आमाले आपल्या भाषेत सांगा.

अवेस्ता_अभ्यासक

मी मुंबईत अवेस्ता शिकतो, गाव मूळचं यवतमाळकडचं. आधी एक गोष्ट: भारतात बसून हे काम करणं नवं नाही. गुजरातच्या किनाऱ्यावरचे पारशी धर्मगुरू नेर्योसंघ धवल यांनी कित्येक शतकांपूर्वी यस्नाचं, म्हणजे अवेस्तेतल्या यज्ञविधीच्या भागाचं, पहलवीवरून (मधल्या काळातल्या फारसीवरून) संस्कृत भाषांतर केलं. मुंबईची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट 1916 ची, पुण्याची भांडारकर संस्था 1917 ची. 1919 ला पुण्यात प्राच्यविद्या परिषद सुरू झाली, त्या परिषदेत आजही वैदिक विभागाबरोबर इराणी विभाग असतो. निबंध छापायला देण्याआधी तिथे वाचून दाखवता येतो.

ताई, तुमच्या निबंधातला एखादा परिच्छेद इथे टाकाल का? भाषेवर भांडण्याआधी मजकूर पाहू.

खारपाणपट्टा

टाकते. हा चौथ्या भागातला:

"संस्कृत 'हस्त' याचं अवेस्तेतलं रूप 'ज़स्त'. हाच अवेस्तेचा शब्द फारसीतून मराठीत 'दस्त' होऊन आला. म्हणून वर्गणीच्या पावतीवरचं 'हस्ते' आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला 'दस्त' हे एकच. फारसी ही अवेस्तेची पुढची अवस्था असल्याने मराठीतले फारसी शब्द अवेस्तेवरून समजावून घेता येतात."

अवेस्ता_अभ्यासक

निरीक्षण सुंदर आहे, तर्क चुकला आहे. आणि चूक कुठे आहे ते तुमच्याच उदाहरणातलं एक अक्षर सांगतं.

फारसी ही अवेस्तेची मुलगी नव्हे. ती जुन्या पर्शियनची, म्हणजे दारियसच्या शिलालेखांच्या भाषेची वंशज. अवेस्ता तिची मावशी म्हणा. पुरावा बघा: जिथे संस्कृतात हा 'ह' आहे तिथे अवेस्तेत 'ज़' येतो आणि जुन्या पर्शियनमध्ये 'द'. संस्कृत 'अहम्', अवेस्ता 'अज़ेम्', जुनी पर्शियन 'अदम्'. तसंच 'हस्त', 'ज़स्त', 'दस्त'. तुमचा शब्द अवेस्तेतून आला असता तर निबंधकाच्या कार्यालयात आज 'जस्त' नोंदवला असता. 'द' आहे म्हणजे वाट वेगळी आहे.

आणखी एक. इथे तुम्ही 'ह' धरला आहे तो हस्तचा, आणि निबंध आहे सप्त-हप्त यांचा. हे दोन 'ह' वेगळे आहेत. सप्त-हप्तमध्ये संस्कृतचा 'स' इराणी बाजूला 'ह' झाला. हस्तमध्ये संस्कृतच्याच बाजूला 'ह' तयार झाला. दोन्ही एका भागात ठेवले तर पहिलाच परीक्षक निबंध परत करेल, आणि बरोबर करेल.

खारपाणपट्टा

हे वाचून अर्धा तास नुसती बसून होते. दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही.

मग 'हजार'? 'सहस्र' अवेस्तेत 'हज़ंग्र', फारसीत 'हजार'. तिथे तर 'ज' आहे, 'द' नाही.

अवेस्ता_अभ्यासक

हाच प्रश्न परीक्षक विचारेल, तुम्हीच विचारलात हे उत्तम. नियमाप्रमाणे पर्शियनमध्ये तिथे 'द'च्या वाटेचं रूप यायला हवं होतं. 'हजार' हे रूप पर्शियनमध्ये शेजारच्या वायव्येकडच्या इराणी बोलीतून आलं असं मानतात. म्हणजे एकाच फारसीत दोन वाटांनी आलेले शब्द आहेत, आणि 'दस्त' व 'हजार' दोन्ही आपल्या एकाच खरेदीखतावर सापडतात. माझ्या मते तुमचा खरा निबंध इथे आहे. सप्त-हप्त हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. हे मात्र गावाकडच्या कागदांत शोधावं लागेल, आणि ते कागद तुमच्याकडे आहेत.

जुना_मास्तर

हेच मी म्हणत होतो. जाणकार वाचक भेटला आणि दोन वर्षांची चूक एका संध्याकाळी निघाली. मराठी नियतकालिकाकडे असा वाचक असतो का?

खारपाणपट्टा

सर, तुमचं अर्धं मान्य. जाणकाराच्या हातून गेल्याशिवाय मी हा निबंध आता कुठेही पाठवणार नाही. पण ही चूक मला कोणत्या भाषेत समजली ते बघा. 'जस्त' नोंदवला असता हे वाक्य मराठीतच होऊ शकतं. अवेस्ता जाणणारी आणि मराठी वाचणारी माणसं आहेत. संपादकांनी ती शोधावीत, निबंध त्यांतल्या दोघांकडे लेखकाचं नाव काढून पाठवावा आणि दोघांचे शेरे लेखकाला द्यावेत. मराठीत असं होत नसेल तर ते करायला लावलं पाहिजे. इंग्रजीत पळून जाणं हा त्यावर उपाय कसा?

जुना_मास्तर

एक माणूस भेटला म्हणजे परीक्षकमंडळ झालं नाही, त्यामुळे मी मत सोडत नाही. मराठीत छापाच, पण सोबत दोन पानांचा इंग्रजी सारांश हवाच, नाहीतर बाहेरच्या कुणाला तुमचा 'दस्त-हजार'चा मुद्दा कधीच कळणार नाही. सारांश मी करून देतो. चौथा भाग फिरवून लिहिलात की पाठवा, आधी नको.

खारपाणपट्टा

पाठवते सर. बाबांनी आज ट्रंक उघडून आजोबांच्या वेळची खरेदीखतं काढून दिली. आठ आहेत, तीन मोडीत. मोडी मला अडखळत वाचता येते.

एक शेवटचं विचारायचं आहे: अवेस्तेतला अर्धवट 'अ' ('अज़ेम्'मध्ये येतो तो) देवनागरीत कसा छापायचा? आमच्याकडच्या डीटीपीत तो चौकोनच येतो.

अवेस्ता_अभ्यासक

आपल्या नेहमीच्या देवनागरीत त्याला चिन्ह नाही, जवळचा उच्चार लिहा आणि शेजारी रोमन लिप्यंतर द्या. डीटीपीकडे जाऊच नका, घरीच युनिकोडमध्ये टाइप करा. 2009 पासून अवेस्ता लिपीही युनिकोडमध्ये आहे, उजवीकडून डावीकडे लिहिली जाते एवढं लक्षात ठेवा. फाइलबरोबर पीडीएफ जोडा म्हणजे संपादकाला मूळ अक्षर दिसतं. आणि मुद्रित आल्यावर प्रत्येक 'ह' बोट ठेवून तपासा. मोडीतल्या खतांचे फोटो काढले असतील तर मलाही पाहायला आवडतील.