एका बैठकीत संपवलेली रहस्यकथा: तुमचे अनुभव

काल रात्री ‘एवढं प्रकरण संपवतो आणि झोपतो’ असं स्वतःला सात वेळा बजावलं. आठव्यांदा बजावायला पुस्तकच उरलं नव्हतं. चार-चार पानांची प्रकरणं, आणि प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावणार! दारात कोण आहे ते बघितल्याशिवाय झोप कशी लागावी? तुमचेही अनुभव येऊ द्या. फक्त खुनी कोण ते फोडू नका.

*

मी कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांतला. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने (स्वतःही रहस्यकथा लिहायचा) १९२९ मध्ये दहा नियम घालून दिले. पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच येऊन गेलेला हवा. म्हणून पहिल्या पन्नास पानांत जो दिसेल त्याचं नाव मी टिपून ठेवतो. मागच्या खेपेला माळ्यावर संशय धरला. दोनशे पानं डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवली, आणि तो बिचारा शेवटपर्यंत माळीच राहिला. खुनी निघाला यादीतला चौथा. त्याच्यावर मीच काट मारली होती, का तर प्रेत पाहून तो रडला म्हणून. मागे जाऊन ते पान काढलं. ‘त्याने डोळे टिपले आणि कोरडा रुमाल घडी करून खिशात ठेवला.’ कोरडा! लेखकाने फसवलं म्हणायचीही सोय नाही.

*

मी आधी शेवटचं पान वाचते. घाला शिव्या. पण खुनी माहीत असला की तो किती सफाईने खोटं बोलतोय ते बघण्यात जी मजा आहे!

*

दादा, त्याच नॉक्सचा दहावा नियम जुळ्यांबद्दल आहे: आधी सुगावा दिल्याशिवाय जुळा भाऊ आणायचा नाही. तीनशे पानं श्वास रोखून पळवायचं आणि शेवटी अचानक जुळा भाऊ काढायचा, अशी एक कादंबरी मी भिरकावली आहे. वेग होता हो, पण पोहोचायचं कुठे?

*

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून वाचत होते. एरवी घड्याळाकडे बघून वेड लागलं असतं. पाठलाग ऐन रंगात असताना आमचं नाव पुकारलं, पान दुमडलं आणि धावले. बाबा आता ठणठणीत आहेत. पान अजून दुमडलेलंच आहे.

*

ताई, बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण पुस्तकाचं नाव सांगा ना, आम्हाला कशाला टांगून ठेवता?