लेन्सच्या मागचे बारीक स्क्रू सारखे ढिले होतात, काय लावावं?

खाडीकाठचा (मालवण)
मंडळी, माझ्या लेन्सच्या मागच्या धातूच्या रिंगचे स्क्रू सारखे सुटतायत. कॅमेऱ्याच्या बॉडीला लावून हलवली की खुळखुळते. पिळले की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. पहाटे मच्छीमारांबरोबर होडीवर फोटो काढतो, दिवसा बाइकवरून मालवण-देवगड. कुडाळात एकजण म्हणाला नेलपॉलिश लाव, मेहुणा म्हणतो फेविक्विक.

वेंगुर्लेकार
फेविक्विकाचा नाव काढू नको रे! माझ्या भावान लावल्यान, मागच्या काचेर पांढरो थर बसलो.

जुना कारागीर (रत्नागिरी)
बरोबर. फेविक्विक सुकताना त्याची वाफ काचेवर बसते. बंद लेन्समध्ये तर ती जाणार कुठे?

घड्याळं आणि कॅमेरे उघडण्यात हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो. आधी हत्यार बघ. जपानी लेन्सचे अधिकच्या खुणेचे स्क्रू बहुतेक जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या पद्धतीचे असतात. आपल्याकडचा साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की उसळतो आणि खाच खरवडतो. मग माणूस भीत भीत अर्धवट पिळतो. निम्म्या लेन्सचं दुखणं एवढंच असतं.

मग एक स्क्रू काढून उजेडात धर. आटे विरळ आणि खोल असतील तर तो प्लास्टिकमध्ये जातो. वरची रिंग धातूची असली म्हणून आतला सांगाडा धातूचा असेलच असं नाही. आटे बारीक, दाट असतील तर बहुधा धातूत.

धातूत जात असेल तर लॉक्टाइट 222, जांभळं. म्हणजे आटे धरून ठेवणारं पातळ चिकट द्रव. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आटे पुसायचे, टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच लावायचं. हे हवेने सुकत नाही. हवा मिळेनाशी झाली आणि धातू लागला की धरतं. बाटलीत हवा लागते म्हणून ती पूर्ण भरलेली नसते, उगाच दुकानदाराशी भांडू नकोस. प्लास्टिकला मात्र हे लावायचं नाही. तिथे ते नीट धरत नाही, वर प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. तिथे तुझ्या कुडाळवाल्याचं नेलपॉलिश चालेल, स्क्रूच्या डोक्याच्या कडेला एक ठिपका. पुढे काढताना ॲसिटोन ओतू नकोस, प्लास्टिक विरघळेल, सुईने खरवडायचं.

आणि सगळे स्क्रू एकदम काढायचे नाहीत. एक काढ, लाव, बसव, मग पुढचा. रिंगेखाली कागदासारख्या पातळ चकत्या असू शकतात. त्या हलल्या तर लांबचा फोकस बिघडतो. शेवटी समोरासमोरचे आळीपाळीने पिळ.

सुरूचं बन (गुहागर)
मी गॅरेजमधलं निळं लॉक्टाइट लावते. चाललंय की! जांभळं इकडे कुठे मिळतं?

जुना कारागीर (रत्नागिरी)
ताई, चाललंय ते उघडायची वेळ आली नाही तोवर. निळं गाडीच्या बोल्टला ठीक. दीड-दोन मिलिमीटरच्या स्क्रूचं डोकंच तुटून हातात येईल आणि दांडा आत राहील. लाल तर तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि लेन्स कोण तापवणार? जांभळं ऑनलाइन मागवा, एक बाटली वर्षानुवर्षं पुरते.

आपल्या खाऱ्या हवेचं आणखी एक. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम गंजतंय. तो स्क्रू ढिला नसून जाम होणार आहे. त्याला चिकटवू नका, काढून साफ करा.

खाडीकाठचा (मालवण)
काका, आटे बारीक निघाले. जांभळं एका मित्राकडे आहे. आज रात्री लावून उद्या पहाटे होडीवर नेली तर?

जुना कारागीर (रत्नागिरी)
नको. पूर्ण धरायला 24 तास दे. उद्या नुसते पिळून ने, आणि बॅग होडीच्या फळीवर ठेवू नकोस, मांडीवर घे. इंजिनाची थरथर फळीतून थेट लेन्सला लागते. बाइकवरही टाकीवर न ठेवता पाठीवर. 1 जूनला मासेमारी बंदी लागली की निवांत बसून कर.