पिंजऱ्यात पैसा आला, लढणाऱ्याच्या पदरात किती?

तांबडी माती (धागाकर्ता)

रविवारी सकाळी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन यूएफसी (पिंजऱ्यातल्या लढती भरवणारी अमेरिकी कंपनी) लावणारी आमच्या सोसायटीत आता तीन घरं आहेत. (तिकडे शनिवारची रात्र असते तेव्हा इकडे साडेसात-आठ वाजलेले असतात, म्हणून पोहे.) काही वर्षांपूर्वी मी एकटाच होतो, आणि "सकाळी सकाळी रक्त काय बघतोस" म्हणून आई टीव्हीकडे पाठ करून बसायची.

म्हणजे एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) घराघरात आलं, मान्य. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट या अमेरिकी माध्यम कंपनीने यूएफसीच्या सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ७.७ अब्ज डॉलर कबूल केले. पिंजऱ्याच्या जमिनीवर बिअर, क्रिप्टो, एनर्जी ड्रिंक यांची इतकी नावं असतात की पडलेला माणूस कुठल्या तरी जाहिरातीवरच पडतो. सिनेटर जॉन मकेन १९९६ च्या सुमारास ज्याला माणसांची कोंबडझुंज म्हणाले होते, त्या खेळाची लढत व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर घ्यायची घोषणाही झाली.

माझं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे जत्रेच्या फडात कुस्ती निकाली झाली की निवेदक माइकवर ओरडतो, "अमक्यांकडून एकशे एक, सरपंचांकडून पाचशे एक!" पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून एक नंबरच्या जोडीपर्यंत कुणी दिले, किती दिले, कुणाला दिले हे कडेला शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं.

यूएफसीतही एके काळी असाच फड होता. लढणारा आपले प्रायोजक आपण शोधायचा. लढतीआधी त्याची माणसं त्याच्या मागे कापडी फलक धरायची, वीस-वीस नावं छापलेला. चड्डीच्या बुडावर 'कंडोम डेपो' लिहिलेलं असायचं. हसू नका, त्या जागेचेही पैसे मिळायचे. जुलै २०१५ पासून रीबॉकचा गणवेश आला आणि फलक बंद झाले. पहिल्या पाच लढतींपर्यंतच्या पोराला गणवेशाचे म्हणून लढतीमागे २,५०० डॉलर, जगज्जेत्याला ४०,०००. ब्रेंडन शॉबसारख्या लढणाऱ्यांनी तेव्हाच उघड सांगितलं की जुने प्रायोजक याहून कितीतरी जास्त द्यायचे. २०२१ मध्ये रीबॉक जाऊन व्हेनम आलं, पण पद्धत तीच.

म्हणून विचारतो: कंपन्या आल्याने मोठं कोण झालं, खेळ की खेळाचा मालक?

जर्सीकर

साफ असहमत. मी पंधरा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि हा खेळ माणसात आला तो याच राज्यामुळे, म्हणून थोडं लांबण लावतो.

कंपन्या नव्हत्या तेव्हा काय होतं आठवतंय का? १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर, यूएफसीची पहिलीच स्पर्धा. हातमोजे नाहीत, वजनी गट नाहीत. पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्डोच्या लाथेने टीला टुली या सुमो पैलवानाचा दात उडाला तो थेट प्रेक्षकांत. चावू नका आणि डोळ्यांत बोटं घालू नका, एवढं सोडलं तर जवळपास सगळं चालायचं. बिचारा रॉइस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला आणि ५०,००० डॉलर घेऊन गेला. मग राज्यामागून राज्यात बंदी, केबलवाल्यांनीही हात झटकले.

त्यातून खेळ वाचला तो नियमांमुळे. २०००-०१ मध्ये न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने एकत्रित नियम केले: वजनी गट, फेऱ्या, निषिद्ध वारांची यादी, डॉक्टर. बिअरवाला आणि मोटारसायकलवाला नंतर आला, कारण दात उडतात तिथे कुठली कंपनी आपलं नाव लावत नाही. आणि एकदा ती आली की दात उडू नये याची काळजी तिलाही घ्यावी लागते. प्रायोजक हा या खेळाचा दुसरा पंच आहे असं माझं मत.

तुमचे ते वीस नावांचे फलक मीही पाहिलेत. सटरफटर टी-शर्टवाले, पैसे बुडवणारे, धनादेश न वटणारे. त्याची आठवण काढून हळवं होण्यासारखं काही नाही.

चहाबाज

मुळात हा खेळ आहे का? खाली पडलेल्या माणसाला मारायचं, आणि पंच मध्ये पडेपर्यंत मारतच राहायचं! आपल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं, वर हात मिळवून बाहेर. कसले अब्ज नि कसले डॉलर.

तांबडी माती

चहाबाज, हा वाद दर सहा महिन्यांनी होतो, वेगळा धागा काढा. मी येईन भांडायला.

जर्सीकर, नियमांचं श्रेय मी नाकारत नाही. पण तुम्हीच म्हणालात की नियम आधी आले आणि कंपन्या मागाहून. मग खेळ सुधारल्याचं बिल कंपन्यांच्या नावावर कसं फाडता? आणि फलकांवरचे सटरफटर लोक म्हणाल, तर २००९ पासून कुणालाही आपलं नाव पोराच्या चड्डीवर लावायचं असेल तर आधी यूएफसीलाच पैसे भरावे लागायचे. छोटा प्रायोजक आपोआप गेला नाही, त्याला आधी दारातच थांबवलं होतं.

हिशेबनीस

दोन्हीकडून भावनाच जास्त दिसतायत. जरा वहीत बघू.

फर्टिटा बंधूंनी २००१ मध्ये यूएफसी घेतली २० लाख डॉलरला. पुढची काही वर्षं निव्वळ तोटा. २००५ मध्ये स्वतःच्या खर्चाने 'द अल्टिमेट फायटर' ही मालिका टीव्हीवर आणली. तिच्या अंतिम भागात फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर पंधरा मिनिटं एकमेकांना असे भिडले की बघणारे फोन करून शेजाऱ्याला उठवत होते म्हणे. तिथून गाडी लागली. २०१६ मध्ये विक्री, सुमारे ४ अब्ज. आता डब्ल्यूडब्ल्यूईसकट सगळं टीकेओ नावाच्या कंपनीत. ज्याने बुडायची जोखीम घेतली त्याने मलई खाल्ली, यात मला पाप दिसत नाही.

आता दुसरं पान. एनबीए (बास्केटबॉल) किंवा एनएफएल (अमेरिकी फुटबॉल) मध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो, कारण तिथे संघटना आहे, सामूहिक करार आहे. यूएफसीत न्यायालयात बाहेर आलेल्या आकड्यांवरून तो वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. डिसेंबर २०१४ मध्ये लढणाऱ्यांनी यूएफसीवर खटला भरला. २०२४ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी कमी आहे म्हणून फेटाळली, मग ३७.५ कोटींवर मिटलं. दहा वर्षं लागली.

पण मातीभाऊ, यात प्रायोजकाचा काय दोष? प्रायोजक दुकानात पैसे देतो, नोकराला पगार किती हे दुकानदार ठरवतो. शिव्या चुकीच्या दारात घालताय. आणि फडाचं म्हणाल तर माइकवर जाहीर झालेली बिदागी आणि हातात पडलेली बिदागी यांत किती अंतर असतं ते मी बोलू का? मामांसोबत दोन जत्रांचे हिशेब लिहिलेत मी. एक लाख पुकारायचे, पाकीट उघडलं की साठ. वर नुरा (आधीच ठरवलेली) कुस्ती झाली की लोकांचे पैसे गेले ते वेगळेच.

तांबडी माती

बरोबर पकडलंत. साठ निघतात, खरंय. माझ्या चुलत्यालाही निघाले होते, आणि त्या रात्री वस्ताद आयोजकाच्या दारात जाऊन बसले ते चाळीस घेऊनच उठले. लाख पुकारले होते म्हणून बसता आलं. जे पुकारलंच नाही त्यासाठी कुणाच्या दारात बसायचं? अमेरिकेत काही राज्यं पूर्वी मानधन जाहीर करायची, त्यावर आड-पडद्याचा बोनस असायचा तो वेगळा. तो बोनस म्हणजे मालकाची मर्जी. मर्जीवर जगणारा पैलवान तोंड उघडत नाही.

उघडलं एकाने. फ्रान्सिस एन्गानू, जगज्जेता, हेवीवेट. त्याने मागितलं काय तर पिंजऱ्यात स्वतःचे प्रायोजक लावू द्या, लढणाऱ्यांना आरोग्य विमा द्या. जानेवारी २०२३ मध्ये तो बाहेर पडला आणि ऑक्टोबरात रियाधला टायसन फ्युरीशी बॉक्सिंग लढला. तो एन्गानू होता म्हणून जमलं. दुसरी लढत लढणाऱ्या पोराने हे मागून बघावं.

जर्सीकर

एन्गानूला बाहेर जाऊन पैसे मिळाले ना? मग बाजार चालतोय की. तुम्हाला बाजार हवा पण त्याचे भाव नकोत.

हिशेबनीस

जर्सीकर, एका दुकानातून निघून दुसऱ्या खेळात जावं लागणं याला चालता बाजार म्हणत नाहीत. इथे मी मातीभाऊंच्या बाजूला. (आज तारीख लिहून ठेवा.) बॉक्सिंगला तिकडे २००० सालचा मुहम्मद अली कायदा आहे, सामन्यातून आयोजकाला काय मिळालं ते बॉक्सरला कळवावं लागतं. एमएमएला तो लागू नाही. मुख्य गाठ इथे आहे, बिअरच्या डब्यात नाही.

सई_ठाणे

तुमचं डॉलरचं आटोपलं असेल तर इकडचं बोलू? माझा चौदा वर्षांचा मुलगा एमएमएच्या क्लासला जायचं म्हणून हटून बसलाय, म्हणून धागा वाचला.

आपल्याकडेही पैसेवाले आले होतेच की. २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीग सुरू झाली, राज कुंद्रा, संजय दत्त, नाचगाणी, सगळा थाट. काही वर्षांत ओसरली. मग टायगर श्रॉफच्या घरच्यांची मॅट्रिक्स फाइट नाइट. प्रत्येक वेळी सिनेमावाला पुढे आणि लढणारा मागे. मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीत उतरणारा भारतात जन्मलेला पहिला, शांघायला हरला, आणि किती मराठी घरांत त्याचं नाव माहीत आहे? जून २०२४ मध्ये पूजा तोमर लुइव्हिलला जिंकली, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई. मुजफ्फरनगर जिल्ह्यातली मुलगी. मी ती लढत मुलासोबत बघितली आणि खोटं कशाला बोलू, ओरडले.

म्हणून मला पैसा यावा असंच वाटतं. पैसा नसताना काय होतं ते खाशाबांचं उदाहरण आहेच. १९५२ च्या हेलसिंकीला जायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. दरवेळी असा प्राचार्य कुठून आणायचा?

तांबडी माती

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ चं, शाहू महाराजांनी बांधलं. आमची सगळी कुस्ती आश्रयावरच वाढली, तेव्हा आश्रय वाईट असं कुठल्या तोंडाने म्हणू? फक्त एक करा. क्लासला नाव घालण्याआधी विचारा, सरावात किंवा स्पर्धेत पोराला लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करतं. आमच्या तालमीत वस्ताद स्वतः खांदा बसवायचे, ते जुनं झालं. डोक्याला मार लागला तर खांदा बसवणारा वस्ताद उपयोगाचा नाही.

जर्सीकर

हे मात्र पटलं. सई, मेंदूच्या धक्क्यानंतर किती दिवस सराव बंद ठेवतात तेही विचारा. तेवढ्यावरून क्लास कसा आहे ते कळेल.

सई_ठाणे

आज जाऊन आले. जागा स्वच्छ, मॅट नवीन, भिंतीवर प्रोटीन पावडरच्या कंपनीचा माणसाएवढा फलक. सर तरुण, बोलायला चांगले. सराव किती दिवस बंद ठेवतात विचारलं तर म्हणाले, "मुलाला बरं वाटेपर्यंत." खर्चाचं विचारल्यावर हसले आणि फॉर्म पुढे केला. वर डाव्या कोपऱ्यात क्लासचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात पावडरचं, रंगीत. खाली बारीक अक्षरात: 'सरावादरम्यान झालेल्या कोणत्याही दुखापतीस संस्था अथवा प्रायोजक जबाबदार राहणार नाहीत.' त्याखाली पालकाची सही.

फॉर्म घरी घेऊन आलेय. मुलगा दर दहा मिनिटांनी विचारतोय, सही केलीस का?