शब्दचर्चा: ‘इंग्रजी आकडे’ की ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’?

प्रश्न: संघराज्याच्या राजभाषेबद्दलच्या, संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असा लांबलचक शब्दप्रयोग आहे. म्हणजे आपले ‘इंग्रजी आकडे’च ना? मग सरळ तसं का लिहिलं नाही?

उत्तर: आकडे तेच. पण ‘इंग्रजी’ लिहिलं असतं तर तडजोडच मोडली असती. संविधान सभेत १२ ते १४ सप्टेंबर १९४९ हे तीन दिवस भाषेवर वाद झाला. देवनागरीतली हिंदी राजभाषा म्हणून मान्य करायला दक्षिणेतले बरेच सदस्य तयार होते. अंक मात्र देवनागरी नकोत, यावर ते अडून बसले. उलट हिंदीचे आग्रही सदस्य पुरुषोत्तमदास टंडन यांचं म्हणणं, लिपी घ्यायची आणि तिचे अंक सोडायचे हे कसं? क. मा. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार या सदस्यांच्या मसुद्याने मधला मार्ग काढला: लिपी देवनागरी, अंक आंतरराष्ट्रीय, शासकीय कामात इंग्रजी आणखी १५ वर्षं. त्यातला ‘भारतीय’ हा शब्द निव्वळ समजुतीचा नाही. ब्राह्मीतून निघालेले हे अंक अरबांमार्फत युरोपात गेले. इतका नेमका शब्द तडजोडीतून मिळावा, हे फार मोलाचं वाटतं.

पुरवणी: म्हणूनच इंग्रजीत त्यांना ‘अरेबिक न्यूमरल्स’ म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम ५० मध्ये नंबरप्लेटसाठी हाच शब्द आहे. भाषांतर करताना काही जण ‘रोमन अंक’ लिहितात, ती ढोबळ चूक. रोमन अंक म्हणजे जुन्या घड्याळावरचे. आणि ‘संख्या’ही नको. अंक म्हणजे शून्य ते नऊ ही दहा चिन्हं, संख्या त्यांतून बनते. अनुच्छेदात चिन्हांच्या रूपाबद्दलच सांगितलंय.

प्रश्न: मग महाराष्ट्र शासनाच्या कागदावर १, २, ३ कसे चालतात?

उत्तर: ३४३ हा संघराज्याच्या शासकीय कामापुरता आहे. राज्याची राजभाषा ३४५ खाली ठरते. केंद्रातही दार पूर्ण बंद नव्हतं: पहिल्या १५ वर्षांत राष्ट्रपतींना आदेशाने देवनागरी अंकांची जोड देता येत होती आणि १९५२ साली राज्यपाल व न्यायाधीशांच्या नियुक्तिपत्रांसाठी ती दिलीही गेली. त्यापुढे तो अधिकार संसदेच्या कायद्याकडे. २०१६ च्या नोटेवर ‘५००’ देवनागरीत छापल्यावर न्यायालयात आक्षेप गेला, तो याच कलमाच्या आधारे.

पुरवणी: बोलताना ‘इंग्रजी आकडे’ खुशाल म्हणा, सगळ्यांना कळतं. कायदेशीर मजकुरात मात्र पूर्ण शब्दप्रयोगच लिहा, ‘भारतीय’ गाळू नका.