मदत हवी आहे: विद्यार्थी लघुपटाची सुरुवातीची दोन मिनिटं जमत नाहीयेत (नागपूर)

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला आमच्या गटाला अख्खा लघुपट नाही, फक्त त्याची सुरुवात करून द्यायची आहे. थरारपट, दोन मिनिटं, नामावलीसकट. पुढचा सिनेमा अस्तित्वातच नाही, पण पाहणाऱ्याला तो बघावासा वाटला पाहिजे. शूटिंग बरंचसं झालंय, एडिट अडकलंय, सबमिशन पुढच्या आठवड्यात. जाणकारांनी जरा बघा.

गोष्ट अशी: कळमना मार्केटमध्ये पहाटे संत्र्याच्या पेट्या उतरवणारा एक पोरगा, विजय. एका लाकडी पेटीवर ब्रशने लिहिलेलं नाव त्याला दिसतं, 'वामन'. हे त्याच्या बापाचं नाव, आणि अक्षरही बापाचंच. बाप तो लहान असतानाच घर सोडून गेलेला. इथे शीर्षक येतं.

सध्याचा कट: मेट्रो, झिरो माइलचा खांब, फुटाळा तलावावरची सकाळ (गटातल्या एकाचा हट्ट, नागपूर दिसलंच पाहिजे). मग घरात गजर, पोरगा डोळे उघडतो, दात घासतो, भिंतीवर बापाचा फोटो, त्याला हार नाही. आई म्हणते, "त्यांचं नाव काढू नको या घरात." सायकल, मार्केट, पेटी. पेटीपर्यंत पोचायलाच दीड मिनिट जातं. वर्गात दाखवलं तेव्हा फुटाळा संपायच्या आत मागच्या बाकावरचे मोबाइलमध्ये होते.

पेटीचा शॉट मात्र आम्हा सगळ्यांना आवडतो. टॉर्चचा उजेड, खिळ्याजवळ रंगाचा ओघळ, विजयचं बोट 'वा'च्या कान्यावरून खाली येतं आणि बोटाला धूळ लागते. तेवढा एकच शॉट सिनेमासारखा दिसतो.

तर अडचणी. एक, सुरुवातीचं काय उडवू? सगळं उडवलं तर बापाचं कळणार कसं? दुसरी, मार्केटच्या शेडमधल्या रात्रीच्या शॉट्सवर आडवे काळपट पट्टे सरकताना दिसतात. फोनवर शूट केलंय, सगळं ऑटोवर. तिसरी, प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं फुटतात. 'दिग्दर्शन'ची वेलांटी भलतीकडे जाते, 'पार्श्वसंगीत'चे तर तुकडेच. शिवाय मित्र म्हणतो ड्रोन आणतो, बर्डीवरून (सीताबर्डी) एक शॉट टाकू. टाकावा का?

पटकथावाला:
गजर, उघडणारे डोळे आणि टूथब्रश आधी काढा. विद्यार्थ्यांच्या दर दुसऱ्या फिल्मची सुरुवात तिथूनच होते. झिरो माइल आणि फुटाळाही काढा. हा थरारपट आहे, पर्यटन खात्याची जाहिरात नव्हे. हट्टी मित्राला सांगा, कळमन्याचा लिलाव आणि संत्र्यांचे ढीग दिसले की नागपूर वेगळं सांगावं लागत नाही.

आईचं वाक्यही जाऊ द्या. ती प्रेक्षकाला उत्तर देऊन टाकते, आणि सुरुवातीने फक्त प्रश्न टाकायचा असतो. बापाचं कळणार कसं म्हणता? अहो, आपल्याकडे पोराच्या नावातच बापाचं नाव असतं! पडदा काळा ठेवा. ट्रकचं फाळकं पडल्याचा आवाज, पेट्या आपटल्याचा आवाज, आणि मुकादम हजेरी घेतोय: "विजय वामन!" "हाव!" मग चित्र. मिनिटभराने पेटीवर 'वामन' दिसलं की प्रेक्षक स्वतःच जोडतो, आणि स्वतः जोडलेलं त्याला जास्त लागतं.

आता खरी गंमत. बोटाला धूळ लागतेय ना? धूळ म्हणजे पेटी जुनी, बाप कधीतरी इथून गेला असेल, संपलं. त्याऐवजी बोटाला ओला रंग लागू द्या. म्हणजे नाव आत्ताच लिहिलंय, माणूस याच शेडमध्ये आहे. पोरगा बोटाकडे बघतो, मान वर करतो, कट, शीर्षक. हा क्लोजअप घराच्या गच्चीवर एक पेटी आणि टॉर्च घेऊन रात्री पुन्हा होईल, मार्केटला जायचीही गरज नाही. तेलरंग वापरा, पोस्टर कलर टॉर्चखाली खडूसारखा दिसतो.

बर्डीकर:
पट्टे काहून येतात ते सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शेडमधला ट्यूब नाहीतर स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला दिसत नाही, फोनच्या सेन्सरला दिसतं, कारण तो चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/५० नाहीतर १/१०० वर लॉक करा, पट्टे जातात. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ ठेवला तर १/५० बरोबर बसतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, त्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक होतं. झालेल्या फुटेजवर मात्र फार आशा ठेवू नका. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं, पट्टे घालवणारं डीफ्लिकर फुकटच्या आवृत्तीत मिळत नाही, आणि सरकते पट्टे त्यानेही पूर्ण जातीलच असं नाही. पट्टे पाठीमागच्या भिंतीवर असतील तर तो भाग अंधारात बुडवा, तोंडावर असतील तर शॉट नव्याने घ्या.

ड्रोनचं डोक्यातून काढा ना बावा! बर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात, तिकडे विमानतळ. आधी सरकारच्या ड्रोन-नकाशावर झोन पाहा, कुठे उडवता येतं ते, म्हणजे मित्राचा उत्साह आपोआप उतरते. मेट्रो स्टेशनात शूट केलं असेल तर त्यालाही परवानगी लागते, तो शॉट तसाही जाऊन राहिला आहे, बरंच झालं. कळमन्यात बाजार समितीचं पत्र असेल तर फाइलला लावा. आणि ज्या हमालांचे चेहरे स्पष्ट दिसतात त्यांना आधी विचारलं पाहिजे, ते काम करायला आलेले असतात, आपल्या फिल्मीत नाही.

अक्षरवेडी:
अगं, प्रीमिअरच्या प्रेफरन्समध्ये ग्राफिक्स उघड. तिथे टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' कर आणि मग टायटल नव्याने टाइप कर, आधीची कधीकधी तशीच फुटकी राहतात. फॉन्ट युनिकोडच हवा. टायपिंगवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला असेल तर तो इथे कचरा दिसणारच. तरीही जमेना तर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिही, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी काढ आणि टाइमलाइनवर टाक. तिथे जोडाक्षरं नीट येतात.

फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघ. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, पेटीवर हाताने लिहिलेलं मराठी वळण आणि खाली हिंदी वळणाचा 'ल' हे डोळ्याला खुपतं. 'टिरो देवनागरी मराठी' फुकट आहे, त्यात मराठी वळण मुळातच आहे. पण मी तुझ्या जागी असते तर शीर्षकाला फॉन्ट वापरलाच नसता, पेटीवर लिहिणाऱ्याकडूनच त्याच ब्रशने लिहून घेतलं असतं. नावं कडेपासून निदान दहा टक्के आत ठेव, कॉलेजचे प्रोजेक्टर कडा खातात. आणि प्रत्येक नाव दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ राहू दे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! ओल्या रंगावरून गटात आरडाओरडा झाला, आनंदाचा. फुटाळावाला मित्रही मान्य झाला. हजेरीचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे, पण टाइमलाइनवर ओठ आणि आवाज हळूहळू पुढेमागे होतात. सुरुवातीला जुळवलं तरी शेवटी सुटतं. आणि नामावली कुठून सुरू करू, काळ्या पडद्यावर की चित्रावर?

पटकथावाला:
फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही, त्याचा हा परिणाम. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून काढा, मग जुळवा. हजेरीच्या वेळी तर पडदा काळाच आहे, तिथे ओठांचा प्रश्नच नाही. शेडमध्ये कोणी बोलत नसतानाचा मिनिटभर आवाजही घेऊन ठेवा, कटच्या जागी खालून तोच अंथरायचा. पार्श्वसंगीत मला विचाराल तर नकोच.

काळ्या पडद्यावर नाव नको, तिथे कान कामाला लागलेले असतात. पेट्या उतरतानाच्या शॉट्सवर, पोराच्या विरुद्ध बाजूच्या रिकाम्या जागेत टाका. पेटीचं नाव दिसायच्या आधी सगळी नामावली संपलेली हवी. 'वामन' वाचायच्या वेळी पडद्यावर दुसरं एकही अक्षर नको, मग ते मार्गदर्शक सरांचं असलं तरी.