‘भूल ती भूल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मांजराकाठ (लातूर): काल इथं एकानं लिहिलं, ‘भूल ती भूल. गॅसची द्या नाहीतर शिरेतून, पेशंट झोपल्याशी मतलब.’ तेव्हापासून चैन नाही. मी मेंदूच्या ऑपरेशन थिएटरात (ओटीत) टेक्निशियन आहे; ऑपरेशन चालू असताना नजरेची नस शाबूत आहे का हे दाखवणारा सिग्नल लावायचं काम माझं. पिट्युटरीची, म्हणजे मेंदूखाली नजरेच्या नसांजवळ असलेल्या ग्रंथीची, गाठ काढताना मिटलेल्या पापण्यांवर एलईडीचे गॉगल लावतो, डोक्याच्या मागं बारीक सुया. शंभरेक फ्लॅशची सरासरी काढली की मेंदूच्या प्रतिसादाची एक लाट मिळते, तीही काही मायक्रोव्होल्टची. सेव्होफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस, वाढवलं की ती आधी उशिरा येते, मग बसते. एका केसला पार सपाट झाली. सर्जनचे हात थांबले, “नस ओढली गेली का?” गॅस बंद करून प्रोपोफॉलचा, म्हणजे शिरेतून द्यायच्या भुलीचा, पंप लावला. गॅस उतरेपर्यंत ओटीत कुणी बोलेना. मग लाट वर आली. नसेला काहीच झालं नव्हतं. आता सांगा, मतलब कशाशी?

औंढ्याचा भूलवाला: ते वाक्य माझंच. बावीस वर्षं भूल देतोय. प्रोपोफॉल जास्त झालं की तेही लाट दाबतं, हे का नाही लिहिलं? आणि लाट म्हणजे नजर नव्हे. लाट शाबूत असून कडेची नजर गेलेली असू शकते. जिथं ही तपासणी लावतच नाहीत, तिथं गॅसनं काय बिघडतं?

मांजराकाठ: तिथं काही नाही, मान्य. पण तुम्ही सरसकट लिहिलं होतं.

परभणीकर: लाटा राहू द्या हो. आमच्या मामाचं कमरेचं ऑपरेशन, सात तास पालथं. शुद्धीवर आला अन् म्हणला, “लाईट गेली का रे?” डोक्यावर ट्यूब चालू होती. एका डोळ्यानं अजून दिसत नाही. कामून झालं, कुणी सांगितलं नाही.

औंढ्याचा भूलवाला: डोळा दाबला गेला, बीपी खाली राहिलं, रक्त फार गेलं, की असं होऊ शकतं. गॅस की प्रोपोफॉल हा तो प्रश्नच नाही.

परभणीकर: मग बीपी कोण बघतं? डोळ्याखाली गादी कोण ठेवतं? भूलवालाच ना!

औंढ्याचा भूलवाला: कागद न बघता कुणाला गुन्हेगार ठरवू नका.

परभणीकर: कागद मागितले तर महिनाभर फिरवलं. तुमच्याच लोकांनी.

गोदाकाठची लेक (नांदेड): भांडण थांबवा, मला मदत करा. आईला बाजूचं दिसेना झालंय, दारातून जाताना खांदा चौकटीला लागतो. तीच पिट्युटरीची गाठ असल्याचं निघालं. इथल्या दोन दवाखान्यांत विचारलं, सिग्नलचं मशीन नाही. देवगिरीनं हैदराबादला निघालोय, सोमवारी ऑपरेशन. भूलवाल्या डॉक्टरांना काय विचारू?

मांजराकाठ: ताई, नजरेचा सिग्नल लावणार का, आणि लावणार असाल तर भूल शिरेतून का, एवढं विचारा. नजर आधीच फार गेली असेल तर लाट मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

औंढ्याचा भूलवाला: शिरेची भूल असेल तर कपाळावर झोप मोजणारी पट्टी लावणार का, तेही विचारा. शिरेतली सुई निसटली तर पेशंट आत जागा होतो अन् बाहेर कुणाला कळत नाही. मी गॅसला धरून आहे तो त्यासाठी. पण तुमच्या आईला शिरेतूनच घ्या.