राणी रामपालची कारकीर्द फक्त टोकियोवर मोजू नका

टोकियो ऑलिंपिकमधल्या चौथ्या क्रमांकापलीकडे भारतीय महिला हॉकी संघाची माजी कर्णधार राणी रामपालने काय मिळवलं, असा प्रश्न काही जण विचारतात. मला हे पटत नाही. ते टोकियो मुळात मिळालं कसं, ते आठवा. नोव्हेंबर 2019, भुवनेश्वर. ऑलिंपिक पात्रतेचे दोन सामने, निकाल दोन्हींतल्या गोलांच्या बेरजेवर. अमेरिकेविरुद्ध पहिला सामना आपण 5-1 ने जिंकलेला. दुसऱ्या दिवशी मध्यंतरालाच अमेरिका 4-0 ने पुढे, म्हणजे एकूण 5-5. अख्खा संघ हबकलेला. 48व्या मिनिटाला राणीने डीमधून, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातून, चेंडू जाळ्यात मारला आणि 6-5 ने ऑलिंपिकचं तिकीट पक्कं झालं. हा एकच गोल नसता तर कदाचित पुढची सगळी चर्चाच झाली नसती.

हरियाणातल्या शाहाबाद मारकंडाच्या गाडा ओढणाऱ्या बापाची ही पोर 2010च्या विश्वचषकात खेळली तेव्हा 15 वर्षांची होती, तरी तिथे 7 गोल केले! 2020 मध्ये पद्मश्री आणि खेलरत्न, 2024 मध्ये निवृत्ती.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. लाईन बाजारच्या मैदानावर हॉकी खेळणाऱ्या पोरींसाठी किती जण जातात? मातीवर चेंडू उडतो, म्हणून थांबवायची सवय वेगळी लागते. ओल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तो सपाट आणि सुसाट येतो, तिथे पहिला स्पर्शच सगळं ठरवतो. म्हणून पोरींना लहानपणापासून टर्फवर रोजचा सराव मिळायलाच हवा. राणीबद्दल बोलताना हा मुद्दाही इथे लावून धरूया.